आपल्या पिकअपच्या अल्टरनेटरची खुशाली

तीर्थस्वरूप दाजी यांस,

कंबर धरल्यामुळे साष्टांग जमत नाही, तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या शक्य तितका वाकून नमस्कार करतो. उरलेला भेटीत पूर्ण करीन.

आम्ही इकडे ठीक आहोत. आपला गुडघा कसा आहे? ताई फोनवर म्हणाली की जिना चढायला बंदी झाली आहे आणि आपण ती इतक्या मनापासून पाळता की दिवसभर गच्चीवरून खालीच येत नाही. ताईचं ब्लडप्रेशर आता आटोक्यात असेल अशी आशा आहे. (हे पत्र तीच मैत्रिणींना जमवून मोठ्यानं वाचून दाखवणार हे माहीत असल्यामुळे सांगतो, ताई, पुढचं ऐकून काळजी करू नकोस, सगळे जिवंत आहेत.)

हे पत्र तक्रारीचं नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. आपण कारखान्यातून निवृत्त झालात आणि आपली निळी पिकअप माझ्या स्वाधीन केलीत, तेव्हा तिच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला होतात, "हिला काही होत नाही." दाजी, ते खरं आहे. हिला काही होत नाही. जे काही होतं ते आत बसलेल्या माणसाला होतं.

सुरुवात दिव्यांपासून झाली. संध्याकाळी घरी येताना गाडी सिग्नलला थांबली की हेडलाइट मंद होत, इतके की समोरच्याला वाटावं आपण डोळे मिटून बसलोय. पाय दाबला की पुन्हा उजळत. मला ते आवडलंच होतं. म्हटलं, जुन्या गाड्यांना समज असते, उभं असताना उगाच वीज जाळत नाहीत. मग हॉर्नचा आवाज बसला. एरवी आपल्या हॉर्ननं रस्त्यावरची माणसं दचकायची, आता ती वळून बघून विचारायची की कुणी बोलावलं का. त्यानंतर समोरच्या काचेखाली बॅटरीचं चित्र असलेला तो लाल दिवा लागला. पूर्ण नाही, अगदी बारीक, विडी विझत आल्यासारखा. आणि एका सकाळी किल्ली फिरवली तर गाडी "टक" एवढंच म्हणाली आणि गप्प बसली.

मी काही अडाणी नाही. दिव्यावर बॅटरीचं चित्र आहे म्हणजे बॅटरी गेली. मी नवी बॅटरी आणली, चांगली मोठी, उचलताना कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली. मी हिला अंगणात बोलावून परत एकदा सुरू करून दाखवली. (ही म्हणजे माझी बायकोच, दुसरी कोण? ताईच्या मैत्रिणींसाठी खुलासा.) ही म्हणाली, "पण तो दिवा अजून लागलेलाच आहे." मी म्हटलं, त्याला अजून नवीन बॅटरीची ओळख पटली नसेल. पुढच्या आठवड्यात नवीन बॅटरीही "टक" म्हणाली.

इथे आमचे शेजारी कथेत येतात. त्यांना सगळी गल्ली सल्लागार म्हणते, त्यांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीशिवाय कुठे वापरात नाही. ते आयुष्यभर घड्याळांच्या दुकानात बसले, त्यामुळे ज्यात चक्र फिरतं ते सगळं आपल्याला कळतं असं त्यांचं मत आहे. ते चहाचा कप घेऊनच कुंपणाशी आले आणि म्हणाले, अंदाजानं कामं करू नका, मीटर आणा. मीटर म्हणजे दोन वायरींचा तो डबा, बॅटरीला टेकवला की आकडा दाखवतो. गाडी बंद असताना बारा आणि वर थोडं दिसलं पाहिजे, आणि इंजिन सुरू केलं की आकडा चढून चौदाच्या आसपास गेला पाहिजे, कारण इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर तेव्हा वीज तयार करून बॅटरी भरत असतो. हे सगळं मीटरच्या खोक्यावरच्या कागदात होतं. बॅटरी चार्जरवर थोडी भरून घेऊन मी इंजिन सुरू केलं. आकडा चढण्याऐवजी हळूहळू उतरायला लागला.

मी मीटर दुकानात परत केला. दुकानदार भला माणूस, त्यानं बदलून दिला. दुसऱ्या मीटरचाही आकडा उतरला. तोही घेऊन मी निघालो होतो, तेवढ्यात ही दारात उभी राहून म्हणाली, "दोन्ही मीटर खोटारडे आणि गाडी तेवढी खरी, असंच ना?" दाजी, मला तिचा सूर आवडला नाही, पण मी चपला काढून परत आत आलो.

म्हणजे अल्टरनेटर. नीट दाखवायला हवा, खोलायला हवा, हे मलाही पटलं. पण त्याच दुपारी बागवाल्या आजींचा फोन आला. (डोंगरापलीकडे त्यांची लिंबांची मोठी बाग आहे. दरवर्षी फुलं आली की मी मधमाश्यांच्या पेट्या नेऊन तिथे ठेवतो. माश्या फुलांवर फिरतात, आजींना फळं धरतात, मला मध मिळतो. हे आपल्याला माहीत आहे, पण ताईच्या मैत्रिणींना नसेल.) आजी फोनवर नमस्कारसुद्धा करत नाहीत. म्हणाल्या, "बाग फुटलीय. उद्या सकाळी येणार असशील तर ये, नाहीतर खालच्या गावातला एकजण पेट्या घेऊन तयार बसलाय." गेल्या वर्षी पावसानं आमचा निम्मा मध गेला होता. ही बाग हातची गेली असती तर हे वर्षही तसंच गेलं असतं, आणि एकदा दुसऱ्याच्या पेट्या त्या बागेत शिरल्या की आजींनी मला परत बोलावलं नसतं. मी म्हटलं, येतो.

मग मी आणि सल्लागारांनी मिळून हिशेब मांडला. बॅटरी चार्जरवर लावून काठोकाठ भरायची. अल्टरनेटर वीज देत नसेल तर न देवो, भरलेल्या बॅटरीवर इंजिनाची ठिणगी पडत राहील आणि गाडी बागेपर्यंत आरामात जाईल. मला फक्त त्या लाल दिव्याची धास्ती वाटत होती. सारखा डोळ्यांसमोर असला की गाडी चालवण्यात लक्ष लागत नाही. सल्लागार म्हणाले, त्यात काय, दिवा दिसतो म्हणून काळजी वाटते, दिवा काढला की काळजी गेली. आणि त्यांनी घड्याळजीच्या त्या सराईत बोटांनी काचेखाली हात घालून बल्ब काढला आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला. मला खरोखर हलकं वाटलं.

सूर्य मावळल्यावर माश्या घरी आल्या, आम्ही पेट्यांची दारं जाळीनं बंद केली आणि पेट्या पिकअपमध्ये चढवून पट्ट्यांनी आवळल्या. फटफटताना निघालो. मी चालवत होतो, कारण आपल्याला माहीतच आहे की ही गाडी कुणाच्याही हाताखाली चालत नाही, तिचा गिअर कुठे अडतो, क्लच कुठे सोडायचा, हे सगळं मनात धरून बसावं लागतं. हिच्याकडे लायसन्स आहे, लग्नाआधीचं आहे, पण लायसन्स वेगळं आणि ही गाडी वेगळी, असं मी तिला वेळोवेळी समजावत आलो होतो.

एक गोष्ट आपल्याला अजून सांगितली नव्हती. मी गाडीच्या मागच्या भागात पंखे बसवले आहेत. बंद पेटीत माश्यांना उकडतं, म्हणून दोन्ही बाजूंना छोटे पंखे, शिवाय गोणपाटावर पाणी शिंपडायला एक छोटा पंप आणि अंधारात पेट्या उतरवायला एक दिवा. सगळं मी स्वतः जोडलेलं आहे. त्या सकाळी निघतानाच मी ऐटीत पंखे सुरू केले. ही म्हणाली, "अहो, गारवा आहे, कशाला?" मी म्हटलं, माश्यांना आपल्यासारखी सवय नसते, त्यांना आरामात नेलं की बागेत मन लावून काम करतात.

घाटाच्या चढणीवर, वळणापुढे जिथे रस्ता एका पुलावर अरुंद होतो, नेमकी तिथेच गाडी खोकली. मग दोन आचके दिले, तिसऱ्याला पुढे सरकली आणि बंद पडली. पंखेही बंद पडले. किल्ली फिरवली, "टक"सुद्धा आलं नाही.

आमच्या मागे पाहता पाहता रांग लागली. आधी एक दुधाची व्हॅन, तिच्यामागे ट्रक, मोटारी, एक बस. सगळ्यांचे हॉर्न उत्तम होते. मी बॉनेट उघडून आत बघत राहिलो, म्हणजे काहीतरी चाललंय असं लोकांना वाटावं. ऊन पुलावर आलं होतं. ही मागे गेली, एका पेटीला कान लावून उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला. "आवाज बदललाय," ती म्हणाली. दाजी, आम्ही इतकी वर्षं हे काम करतोय, त्याचा अर्थ मला सांगावा लागत नाही. गार असतात तेव्हा माश्या घरघरतात. तापायला लागल्या की तो आवाज उंच आणि धारदार होतो. तसंच ठेवलं तर आत मेण वितळतं, पोळी कोसळतात आणि पेटी उघडाल तेव्हा आत ओला चिखल निघतो. मी घाईघाईनं मागे धावलो आणि सावलीसाठी ताडपत्री ओढायला लागलो. आचक्यांनी एक पट्टा सैल झाला होता, ते मी पाहिलं नव्हतं. ताडपत्रीबरोबर कडेच्या पेटीचं झाकण बोटभर सरकलं.

पहिली गोष्ट ही झाली की मागचे हॉर्न थांबले. ट्रकवाला उतरून माझी हजेरी घ्यायला बाह्या सरसावत येत होता, तो अर्ध्या वाटेत थबकला, बाह्या खाली केल्या आणि चालत असल्यासारखा पळत परत गेला. बसच्या खिडक्या एकापाठोपाठ एक बंद झाल्याचा आवाज आला. रस्त्यावर अशी शांतता पसरली की पुलाखालचं पाणी ऐकू येत होतं. दुसरी गोष्ट ही झाली की माझी जाळीची टोपी घरीच राहिली होती आणि मी तिच्याशिवाय होतो. झाकण मी बसवलं, ते कर्तव्य सोडलं नाही, पण तोपर्यंत माझ्या डोळ्यांवर डंख बसले होते. मधमाश्या पाळणाऱ्याला डंख नवीन नाहीत. पापणीवरचा डंख मात्र कुणाच्या सवयीचा नसतो. काही मिनिटांत माझे दोन्ही डोळे सुजून बंद झाले आणि यापुढचं बरंचसं मी कानांनी पाहिलं आहे.

हिनं आधी पंप बाजूला ठेवून बाटलीतलं पाणी गोणपाटावर ओतलं, पेट्यांवर टाकलं. मग मागे वळून रांगेला विचारलं की कुणाकडे बॅटरी जोडायच्या तारा आहेत का. तारा पुष्कळ जणांकडे होत्या. त्या घेऊन जवळ यायला कुणी तयार नव्हतं. एकजण म्हणाला, तारा फेकतो. पण तारांच्या दुसऱ्या टोकाला गाडीही लागते, ती फेकता येत नाही. शेवटी दुधाच्या व्हॅनवाल्यानं काच बोटभर खाली केली.

"ताई, ती टोपी मला दिलीत तर मी येतो."

"आणि मी काय घालू?"

"तुम्हाला त्या ओळखतात की."

हिनं आपली टोपी काढून खिडकीतून त्याच्या हाती दिली. तो टोपी घालून, गळ्याशी जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरून उतरला, म्हणजे तारा जोडायला त्याला हातच उरले नाहीत. त्याही हिनंच जोडल्या. त्यानं आपली व्हॅन कठड्याला घासत कशीबशी शेजारी घुसवून सुरू ठेवली आणि बराच वेळ आमच्या बॅटरीत वीज भरू दिली. मी आपला बाजूला उभा राहून सूचना देत होतो. त्या कुणी ऐकल्या की नाही ते मला दिसलं नाही.

गाडी सुरू झाली. ही चालकाच्या जागी बसली. मी म्हटलं, "अगं, दुसऱ्या गिअरला जरा डावीकडे..." ती म्हणाली, "बसा." मी चाचपडत पलीकडच्या दारानं बसलो. तिनं मला एकच काम दिलं, कशालाही हात लावायचा नाही. पंखे बंद, पंप बंद, हॉर्न नाही, वळायचे दिवे नाहीत, जी काही वीज आहे ती इंजिनाच्या ठिणगीला. ब्रेकसुद्धा ती जपून दाबत होती, कारण मागचे लाल दिवे लागतात. वळणावर खिडकीतून हात काढून इशारा करत होती आणि हॉर्नच्या जागी दारावर थाप मारत होती. दाजी, त्या गाडीचा दुसरा गिअर मला इतक्या वर्षांत एकदाही आवाज न करता पडलेला नाही. हिच्या हाताखाली तो असा पडला की मला वाटलं अजून पहिलाच आहे. पुलाच्या पलीकडे उतार होता आणि संपूर्ण उतारभर मी देवाचं नाव घेत होतो. हिला वाटलं मी माश्यांसाठी घेतोय.

बागेच्या फाटकाशी आजी काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी हिला नीट पाहिलं, मला नीट पाहिलं आणि हिला विचारलं, "याला कुठे वाटेत उचललंस?" ही म्हणाली, "घरचेच आहेत." पेट्या सावलीत उतरवल्या. मी म्हटलं, पहिली पेटी मला उघडू दे, निदान ऐकू दे. हिनं जाळी काढली. आधी काहीच नाही. मग एक माशी आली, पेटीच्या ओठावर चालली, मग दोन-चार, आणि मग धारच लागली. त्या बाहेर पडून पेटीसमोर गोल गोल फिरतात, घराची खूण पटवून घेतात, आणि मग फुलांकडे वळतात. झाडांमधून येणारा तो संथ, जाड आवाज कानावर आला तेव्हा हिनं माझा हात धरला. कुठली पेटी दगावली नव्हती. आजी म्हणाल्या, "उशीर केलास." आजींच्या भाषेत ते कौतुक आहे.

त्यानंतर गाडी फाटकातच बसली, ती उठली नाही. आजींच्या ट्रॅक्टरनं ती ओढत खालच्या नाक्यावर नेली. तिथे एका शेडवर पाटी आहे, "गाड्यांच्या विजेचे सर्जन". (तोवर माझ्या पापण्या जरा उघडल्या होत्या, पाटी मी स्वतः वाचली.) सर्जन धिप्पाड गृहस्थ आहेत आणि आपल्याइतका हुशार माणूस या रस्त्यावर नाही हे ते स्वतःच सांगतात, कारण दुसरं कोणी सांगत नाही. त्यांनी अल्टरनेटर खोलला, आत दोन कार्बनचे ठोकळे असतात ते काढून माझ्या तळहातावर ठेवले. झिजून झिजून डाळीएवढे उरले होते. "हे फिरत्या भागाला टेकत नव्हते, वीज कुठून येणार," ते म्हणाले. नवे कार्बन घातले, बाकावर यंत्राला लावून अल्टरनेटर फिरवला, वीज भरपूर. गाडीला लावला, वीज शून्य. काढला, बाकावर भरपूर. लावला, शून्य. सर्जनांनी दुपारचा डबाही तसाच ठेवला.

ही सीटवर बसून किल्ली मागेपुढे करून देत होती. ती म्हणाली, "आधी इथे लाल दिवा लागायचा. आता किल्ली फिरवली तरी लागत नाही."

मी मोठ्या मनानं सांगितलं की तो बल्ब आम्ही काढून ठेवलाय.

सर्जनांनी हातातला पाना खाली ठेवला आणि ते टायरवर बसले. मग एकेक शब्द सुटा करत त्यांनी सांगितलं की या जुन्या गाड्यांत त्या बल्बमधून जाणारी चिमूटभर वीजच अल्टरनेटरला जागं करते. ती मिळाली की तो फिरता फिरता वीज बनवायला लागतो. बल्ब काढला म्हणजे त्याला उठवायलाच कुणी उरत नाही, तो झोपेतच फिरत राहतो. "आधी बिचारा आजारी का होईना, कामावर येत होता," सर्जन म्हणाले. "तुम्ही त्याला घरी बसवलंत." मी म्हटलं, मी नाही, आमचे शेजारी. त्यांनी विचारलं, शेजारी काय करतात? मी म्हटलं, घड्याळं. सर्जन उठून बल्ब शोधायला गेले.

नवा बल्ब बसवला. किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला आणि मीटरचा आकडा चढला. मी सर्जनांना मिठी मारणार होतो, पण मी उत्साहाच्या भरात पंखे, पंप आणि मागचा दिवा सुरू केला आणि आकडा पुन्हा घसरला. सर्जन मागे जाऊन माझी सगळी जोडणी पाहून आले. म्हणाले, हा अल्टरनेटर गाडीचे दिवे आणि हॉर्न सांभाळण्यापुरता आहे. तुम्ही एका माणसाच्या स्वयंपाकावर अख्खी चाळ जेवायला बसवली आहे. मोठा अल्टरनेटर लावू. आणि दाजी, "मोठा" हा शब्द उच्चारताना त्यांचे डोळे असे चमकले की मी नाही म्हणू शकलो नाही.

भंगाराच्या आवारातून त्यांनी एका भल्या मोठ्या गाडीचा अल्टरनेटर आणला, बेअरिंग बदलले, पुसून चकचकीत केला. तो आपल्या इंजिनाला बसेना. त्याचे बोल्ट घालायचे कान रुंद, आपल्या इंजिनाची पकड अरुंद. वॉशर घालून, पकड कापून तो बसवला, तर त्याची पुली इंजिनाच्या पुलीच्या रेषेत येईना आणि पट्टा असा किंचाळायला लागला की आजींच्या बागेतून माणूस विचारायला आला, जनावर अडकलंय का. ते सरळ केलं, जरा लांब पट्टा घातला. सुरू केलं. आकडा झर्रकन चढला आणि बॉनेटखालून धूर आला. सर्जन म्हणाले, घाबरू नका, आणि स्वतः दोन पावलं मागे सरकले. अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणारी जुनी वायर बारीक होती, एवढ्या विजेनं ती तापून तिचं आवरण वितळलं. मोठ्या अल्टरनेटरला जाड केबल लागते हे आपण विसरलो नव्हतो, फक्त ते नंतर करणार होतो, असं सर्जन म्हणाले. मग अंगठ्याएवढी जाड केबल आली, तिला तिच्या जोगता फ्यूज आला. आम्ही पुन्हा उभे राहिलो. ह्या वेळी सगळेच दोन पावलं मागे होतो. ही किल्लीवर.

दाजी, हेडलाइट, पंखे, पंप, मागचा दिवा, सगळं एकदम चालू, इंजिन नुसतं गुरगुरतंय, आणि मीटरवर चौदाच्या वर आकडा स्थिर. हेडलाइट दिवसाढवळ्या समोरच्या भिंतीवर पडलेले दिसत होते. मी हॉर्न दाबायला सांगितलं. सर्जनांचा डबा बाकावरून खाली पडला. आपण ज्या दिवशी गाडी दिलीत, त्या दिवशीसुद्धा तिचा आवाज असा नव्हता. घरी आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच हॉर्न दिला. सल्लागार कुंपणाशी आले, बॉनेटखाली पाहिलं आणि म्हणाले, "मी म्हटलंच होतं, बल्बपासून सुरुवात करा."

तर असं आहे. आपल्या शब्दाप्रमाणे गाडीला काहीही झालेलं नाही. आजींनी पुढच्या बहरालाही आम्हालाच सांगितलं आहे. मध चांगला उतरला, दोन बरण्या या पत्रामागोमाग पाठवतो. एक आपली आणि एक ताईची, म्हणजे भांडण नको. आपण गच्चीवरून उतरलात की उलट खुशाली कळवा. घरातल्या मोठ्यांच्या पाया पडतो, लहान कुणी आलेलं असेल तर त्याच्या हातावर माझ्या नावानं खाऊ ठेवावा.

आपला लहान मेहुणा

ता. क. इथून पुढचं ताईनं मोठ्यानं वाचू नये, आपण मनातल्या मनात वाचावं.

ता. क. २. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की ताई बोलता बोलता म्हणाली, आपल्या कारखान्याच्या मागच्या आवारात याच गाडीची जोडीदार, तशीच, फक्त हिरवी, धूळ खात पडली आहे आणि आपण शब्द टाकलात तर मिळेल. दाजी, शब्द टाका. बंद असली तरी चालेल. अल्टरनेटर आता मला येतो. पेट्या वाढल्या आहेत, एका गाडीत मावत नाहीत, असं कारण कुणी विचारलं तर सांगायचं.

ता. क. ३. हिला हे कळू देऊ नये. मी योग्य वेळ पाहून सांगणार आहे.

ता. क. ४. दाजी, नमस्कार. मी लिहितेय. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. पेट्या एका गाडीत व्यवस्थित मावतात. यांना दुसरी गाडी हवी आहे, कारण निळीची किल्ली त्या दिवसापासून माझ्याकडे असते आणि मी देत नाही. तेव्हा हिरवी जरूर पाठवा, म्हणजे घरात शांतता राहील. ताईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांना हेही सांगा की काळजीचं कारण नव्हतं. माशी एकाच पापणीला चावली होती. दुसरा डोळा घाट उतरेपर्यंत यांनी स्वतःच मिटून घेतला होता.